चेंडू कपाटात ठेवू नका

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. पण फोनवर औषधं घेतलीत का, झोप झाली का, एवढ्यातच सगळं उरकतं, आणि बोलायचं ठरवलेलं राहून जातं.

आधी एक कबुली. बाबा, तुम्ही रोज सकाळी पाठवता ते व्हिडिओ मी बघत नाही. अंगठा देते आणि पुढे जाते. तुम्हाला उपदेश करायला मी काही शहाणी नाही. रात्री दहा मिनिटं म्हणून फोन हातात घेते, एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, आणि डोळे चुरचुरायला लागले की कळतं, तास गेला. सकाळी त्यातलं एक धड आठवत नाही.

मागच्या खेपेला आले होते ती गच्चीतली संध्याकाळ आठवते? बाबा कृष्णविवरांबद्दल भरभरून सांगत होते. समोर अर्धा चंद्र होता. आई, तू सहज विचारलंस, "हा अर्धाच का दिसतो हो?" बाबा ठामपणे म्हणाले, "पृथ्वीची सावली पडते." मीही मान डोलावली. आणि तू म्हणालीस, "मग ग्रहण म्हणजे काय?"

आम्ही दोघंही गप्प. इतके व्हिडिओ बघून!

मग खाली येऊन तू टेबलावरचा दिवा तेवढा ठेवलास, बाकीचे मालवलेस, बाबांच्या हातात चेंडू दिलास आणि हात लांब करून जागच्या जागी गोल फिरायला लावलंस. दिवा सूर्य, बाबांचं डोकं पृथ्वी. चेंडूची अर्धी बाजू कायम उजळलेलीच होती. ती बाबांना किती दिसते, एवढंच बदलत होतं. दिवा बाजूला आला तेव्हा अर्धी. दिव्याकडे पाठ केली आणि चेंडू डोक्यापेक्षा जरा वर धरला तेव्हा पूर्ण. मग हात खाली आला, डोक्याची सावली चेंडूवर पडली, आणि बाबा ओरडले, "अगं, हे ग्रहण!" चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही, हे मी नंतर वाचलं. पण ते मला कळलं बाबांच्या त्या वरखाली होणाऱ्या हातामुळेच.

२०१८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वाचल्यापासून ती संध्याकाळ डोक्यातून जात नाही. टेबलावरची भांडी न पाडता खालचं कापड झटकन ओढायचं, या करामतीचा व्हिडिओ काहींना एकदा दाखवला, काहींना वीस वेळा. वीस वेळा बघणाऱ्यांना वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल. त्याच अभ्यासात इतर करामती प्रत्यक्ष करायला लावल्या तेव्हा मात्र नुसत्या बघण्याने हात सुधारत नाही, असंच दिसलं. बाबा, आपलं दोघांचं हेच झालंय. २००६ सालचा आणखी एक आहे: धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. अडखळत आठवावं लागतं, तेच कामी येतं म्हणे.

बाबा, "या वयात आता काय शिकायचं" हे तुमचं पालुपद मला पाठ आहे. १९७३ मध्ये फ्रान्सच्या तुलूझ शहरात निवृत्तांसाठी विद्यापीठ निघालं. ती कल्पना ब्रिटनमध्ये गेल्यावर तिथल्या लोकांनी प्राध्यापकच वगळले. सभासदच एकमेकांना शिकवतात. मला ही दुसरी तऱ्हा जास्त आवडली. आपल्या घरात तरी प्राध्यापक कुठे आहेत? (आई सोडून.)

तर असं करू या. अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी पश्चिमेला कोर दिसेल, तेव्हापासून रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून चंद्र बघायचा. हात ताठ करून मूठ धरली की आकाशातले साधारण १० अंश झाकले जातात. कालच्या जागेपासून चंद्र किती मुठी सरकला आणि कुठल्या दिशेला, ते वहीत लिहायचं, चित्र काढायचं. चित्र वाईट आलं तरी चालेल, माझं येणारच आहे. आणि स्वतःचा अंदाज लिहिल्याशिवाय फोनमध्ये उत्तर शोधायचं नाही. बाबा, हे खास तुमच्यासाठी.

रविवारी फोनवर एकाने सांगायचं, बाकीच्या दोघांनी अडवायचं. आई, तू आधीसारखंच अडव.

पहिली पाळी माझी. भरती दिवसातून साधारण दोनदा का येते, हे सांगणार आहे. चंद्राच्या बाजूचं पाणी ओढलं जातं इथपर्यंत ठीक आहे. पलीकडच्या बाजूचं का फुगतं, तिथे मी चार दिवस अडकले आहे. तो चेंडू कपाटात ठेवू नका, रविवारी लागेल.

तुमची,
लेक