जुनी डिस्क मी घेऊन आले आहे

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही दोनच वाक्यं बोललात आणि आईकडे फोन दिलात. तेव्हाच मला कळलं, तुम्ही डी ड्राइव्ह उघडून बघितलाय. हो, तुम्ही पेन्शनच्या कामाला बँकेत गेला होतात तेव्हा मी जुनी हार्ड डिस्क काढून नवी बसवली. आधीच्या दोन रात्री कॉपी चालू होती, आणि तुम्हाला वाटलं मी ऑफिसचं काम करतेय. विचारायला हवं होतं. पण तुम्ही म्हणाला असतात, "चालतेय ना, मग कशाला?", आणि मी गप्प बसले असते. रागवा, फक्त आधी हे वाचा.

ती चालत होती, पण बरी नव्हती. निकामी झाले म्हणून डिस्कने स्वतःच बाजूला टाकलेले सेक्टर, म्हणजे माहिती ठेवायचे छोटे कप्पे, दिवाळीत 8 होते, या खेपेला 56 झाले. अशी डिस्क दोन वर्षंही चालते आणि उद्या सकाळीही बंद पडते. आणि तिच्यात काय आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठी नदी घरात शिरली तेव्हा अल्बमचा लगदा झाला. त्याआधी तुम्ही रात्र रात्र बसून एकेक फोटो स्कॅन केला होतात, म्हणून आजीचा चेहरा आपल्याकडे उरला. तिच्या आवाजातली ती कॅसेट, मध्येच "अगं, दार लाव" म्हणते ती, तीही तिथेच. या सगळ्याची एकच प्रत होती, बाबा. मला झोप लागत नव्हती.

दुसरं कारण आई. पुरानंतर तुम्ही कॉम्प्युटर माडीवर झोपायच्या खोलीत नेलात ते बरोबरच केलंत. पण त्या डिस्कच्या तबकड्या मिनिटाला 7200 फेरे घेत होत्या, म्हणजे सेकंदाला 120. त्याची घरघर कॅबिनेटमधून माडीच्या फळ्यांत उतरते आणि फळ्यांतून थेट आईच्या पलंगात. मी त्या पलंगावर झोपून बघितलं. आई, तू कधी बोलली नाहीस, आणि डॉक्टर मात्र झोप पुरी होत नाही म्हणून बीपी वाढतंय म्हणतात.

नवी घेताना मी घाई केलेली नाही. 5400 फेऱ्यांची घेतली, सेकंदाला 90. वेग थोडा कमी, पण फोटो बघायला आणि कॅसेट ऐकायला तो भरपूर आहे. स्वस्त डिस्कमध्ये पुष्कळदा माहितीचे पट्टे आपल्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तशी ती लिहिताना अडखळते. म्हणून सुटे पट्टे असलेली डब्ल्यूडी रेड प्लस घेतली, 4 टीबीची. एसएसडीत फिरणाऱ्या तबकड्याच नसतात, म्हणून तिचा तर अजिबात आवाज नसतो, पण एवढ्या जागेची फार महाग पडते. आणि बाहेर वायरीला लटकणारी डिस्क मला आपल्या घरात नकोच होती, आई रोज टेबल पुसते.

तुमच्याकडे आणण्याआधी ती तीन रात्री माझ्या उशाशी चालवली. एका रात्री अख्खी डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासून घेतली, एकही सेक्टर खराब नाही. पंखा बंद करून कान लावला तेव्हा कुठे बारीक सूं ऐकू आली. लहानपणी ताप आला की तुम्ही माझ्या छातीला असाच कान लावायचात, ते आठवलं आणि उगाच रडू आलं.

तुमचं काही बदललेलं नाही. फोल्डर त्याच नावाचे, त्याच क्रमाने. विंडोज दादाने बसवलेल्या छोट्या एसएसडीवरच आहे, तिला हात लावलेला नाही. 4 टीबीऐवजी 3.63 दिसेल, तेव्हा दुकानदाराने फसवलं असं समजू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने. सगळ्याची दुसरी प्रत इथे पुण्यात माझ्या कपाटात आहे, पुराच्या पाण्यापासून लांब. जुनी डिस्कही टाकलेली नाही. तुमच्या हातची चिठ्ठी आहे तिच्यावर.

आता ऐका. भिंतीवरचं बटण बंद करून कॉम्प्युटर बंद करायचा नाही, आधी शट डाऊन. चालू असताना कॅबिनेट हलवायचा नाही. त्याच्याखाली रबराची चकती ठेवली आहे, ती काढू नका, आवाज तिच्यामुळेच फळीत उतरत नाही. यूपीएसची बॅटरी पावसाळ्याआधी बदलायची. आणि रात्री अकरानंतर स्कॅनिंग बंद, डिस्क कितीही शांत असली तरी दिवा आईच्या डोळ्यांवर येतो.

आई, बीपीची गोळी सकाळीच घे, जेवणानंतर आठवली की असं नको.

पुढच्या शनिवारी मी येते. बाबा, तोवर आजीची कॅसेट एकदा लावून बघा आणि नीट वाजली का ते तुम्ही स्वतः मला फोन करून सांगा. आईकडे फोन देऊ नका.

तुमची
चिमी

ता. क. उरलेल्या जागेत दादाच्या मुंजीच्या व्हिडिओ कॅसेट मावतील. शोधून ठेवा, मी आल्यावर दोघं मिळून उतरवू.