हातचा शिकवलात त्याबद्दल

ती. काकांस, सा. न.

गेल्या जूनमध्ये लेकीची गुणाकाराची वही घेऊन मी तुमच्या दारात आले होते. पानापानावर लाल शेरा होता, 'हातचा विसरली'. घरी मी पोळ्या लाटता लाटता तिच्यावर ओरडायचे आणि ती रडायची. तुम्ही वही चाळलीत, मिटलीत आणि तिला म्हणालात, "आज बिनहातच्याचे गुणाकार करू."

चौकटीच्या वहीत ११ गुणिले ११ मांडलंत, मग १११ गुणिले १११. उत्तरं १२१ आणि १२३२१. पुढचं उत्तर तिने न मांडताच सांगितलं, तरी मांडून बघायचा हट्टही तिचाच. नऊ एकांपर्यंत पोचायला दोन संध्याकाळी लागल्या. १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१! नऊ ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजेत कुठेही नवापेक्षा जास्त एक येत नाहीत, म्हणून हातचा नाही. उत्तर सतरा अंकी. एकं, दहं, शतं अशी भास्कराचार्यांनी दिलेली जी अठरा स्थानं, त्यांतलं सतरावं स्थान 'मध्य'. माझी चौथीतली पोर तिथवर जाऊन आली होती.

मग तुम्ही तिला त्या संख्येतले अंक मिळवायला लावलेत. बेरीज ८१. आणि ८१ ने त्या संख्येला निःशेष भाग जातो, भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना हर्षद हे नाव दत्तात्रेय कापरेकरांनी दिलं, देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकर सरांनी, हे मला तुमच्याकडूनच कळलं. ही आरशासारखी संख्या त्यांच्या डेम्लो संख्यांपैकी. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली! त्या स्टेशनावर त्यांना हा विचार सुचला, म्हणून हे नाव. रोज सकाळी त्याच फलाटावर मी लोकलची वाट बघते आणि मला हे ठाऊक नव्हतं.

पण काका, माझे खरे आभार तिसऱ्या संध्याकाळचे आहेत. तुम्ही तिला दहा एक मांडायला सांगून चहा करायला आत गेलात. ती दहाव्या घरात अडली. तिथे दहा एक जमले होते. बराच वेळ नुसती बघत बसली आणि मग कोणी न सांगता शून्य मांडून हातचा एक शेजारच्या घराच्या डोक्यावर लिहिला. त्याने तिथल्या नवाचे दहा केले, तिथेही शून्य. पुढचा हातचा आठावर गेला, त्याचा नऊ झाला आणि तिथेच थांबला. १२३४५६७९००९८७६५४३२१. "आजोबा, डावीकडचा आठ हातच्याने नेला," असं ती ओरडली तेव्हा मी जिन्यात उभी होते. इतके दिवस मी तिला हातचा लक्षात ठेवायला सांगत होते. तो काय करतो, हे तिने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

आता ती हातचा चौकटीत लिहिते, न विसरता. काल तिने अकरा एक मांडलेत. कागद घेऊन संध्याकाळी येईल, तेवढा तपासून द्या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची