नाक्यावरच्या झडतीचा कागद

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

वर्धा जिल्ह्यात 1970 च्या दशकापासून दारूबंदी आहे आणि नदीपलीकडच्या अमरावती-यवतमाळात दुकाने उघडी आहेत, त्यामुळे पुलांजवळ नाकाबंदी लागते. ती उठवा असे मी म्हणणार नाही. दारूने बसलेली घरे आम्ही पाहिली आहेत.

गेल्या फाल्गुनात पलीकडे कापूस विकून परतताना मला पुलाशी थांबवले. गाडीची डिक्की उघडायला लावली, चुकाऱ्याचे पैसे दोनदा मोजले आणि पाच मिनिटांत सोडले. माझ्यामागे पारधी बेड्यावरचा, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचा, एक मुलगा होता. त्याचा भाकरीचा डबासुद्धा रुमालावर उपडा केला आणि भर दुपारी त्याला अर्धा तास रस्त्याकडेला बसवून ठेवले. काही सापडले नाही, म्हणून काही लिहिलेही गेले नाही. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली रद्द झाला, हे त्या नाक्यावर कोणी सांगितले नसावे.

माझे म्हणणे नेमके येथे आहे. माल सापडला की पंचनामा होतो. न सापडलेल्या झडतीचा मागमूस राहत नाही. मग कोणाला किती वेळा थांबवले, हे वरिष्ठांनी तरी कशावरून तपासावे? 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने जागेच्या झडतीचे व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले, पण रस्त्यावर खिसे चाचपून सोडलेल्याच्या हाती त्यातले काही पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली पोलीस तक्रार प्राधिकरण जिल्ह्यापर्यंत आणायला सांगितले होते. आपला 2014 चा कायदा विभागापर्यंत येऊन थांबला. रोजमजुरी बुडवून नागपूर कोण गाठणार?

इंग्लंडमध्ये 1984 च्या कायद्याने झडती झालेल्याला लेखी नोंदीची प्रत मागता येते आणि नागरिकांची मंडळे अशा नोंदी तपासतात. आपल्याकडेही वेळ, ठिकाण, कारण व अंमलदाराचा बक्कल क्रमांक लिहिलेली पावती, काही सापडो वा न सापडो, जागेवरच द्यावी. दर तीन महिन्यांनी तालुक्याच्या समितीने त्या स्थळप्रती वाचाव्यात; तीत बचत गटाच्या बायका, एखादा वकील आणि बेड्यावरची किमान दोन माणसे असावीत. सणापुरत्या शांतता समितीसारखी ठाण्यानेच निवडलेली मंडळी मात्र नकोत.

येत्या कापूस हंगामाआधी नदीकाठच्या एका तालुक्यात तरी हे सुरू करावे, ही विनंती.

आपला,
वर्धा नदीकाठचा एक कापूस उत्पादक