शिवणकामाकडून घरसजावटीकडे

महोदय,

फॅशन डिझायनर आता श्रीमंतांची घरे सजवू लागले, याचे अनेकांना नवल वाटते. मला वाटत नाही. अमेरिकी फॅशन डिझायनर राल्फ लॉरेन १९८३ मध्येच चादरी-टॉवेलांकडे वळले होते. इटलीच्या जॉर्जिओ अर्मानी यांनी २००० साली ‘अर्मानी कासा’ हे घरसजावटीचे दालन सुरू केले आणि २०१० मध्ये दुबईच्या बुर्ज खलिफात त्यांचे हॉटेल उघडले. आपल्या सब्यसाची मुखर्जींनी वॉलपेपर आणले. ज्याच्या बोटांना कापडाचा पोत कळतो, त्याला पडदा आणि गादीही कळणारच.

काळजी आहे ती आपल्या खान्देशाची. जळगाव-धुळ्याकडे नवे बंगले उठताहेत आणि मोबाइलवरचे चित्र दाखवून ‘अस्संच करा’ असे सुताराला सांगितले जाते. कापूस आपल्या शेतात, पडदे मात्र पॉलिस्टरचे! आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी पेटीत पडून असते. तिची रंगसंगती बघून कोणताही डिझायनर थबकेल.

१९३६ चे फैजपूर काँग्रेस अधिवेशन आठवावे. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. तिथली सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक, साध्या साहित्यातून उभी केली होती. एवढा मोठा चित्रकार आमच्या गावी येऊन इथल्याच वस्तू हाती घेतो, याचा मला आजही अभिमान वाटतो.

आपल्या भागातील तरुण डिझायनरांनी सातपुड्यातल्या बांबू कारागिरांकडे आणि गोधडी शिवणाऱ्या बायांकडे जावे. त्यांना कामाचे पूर्ण दाम द्यावे, आणि नावही.

– एक वाचक, फैजपूर (जि. जळगाव)