अण्णांच्या ट्रंकेबद्दल

क्विन्सी, मॅसॅच्युसेट्स
रविवार, सकाळ

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझा मेसेज वाचला आणि तिथेच उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण दोन ओळींत मावेना. म्हणून कागद काढला. तुझ्या आजोबांची, अण्णांची, ट्रंक माळ्यावरून खाली आली हे फार चांगलं झालं. वाळवी लागलेली नाही हे त्याहून चांगलं. पण पुढे तू लिहिलं आहेस, "खटल्यांचे कागद ठेवतोय, घरगुती पत्रं वेगळी काढून रद्दीत देतोय, त्यात काय आहे, म्हशी आणि किराणा." आणि सोबत नमुना म्हणून आजींच्या त्या पोस्टकार्डाचा फोटो: म्हैस आटली आहे, कडब्याचे पैसे पाठवावेत, माळीणबाईंच्या दाव्याची फी आली असल्यास त्यातून धाकट्याची शाळेची फी भरावी.

दिनू, ते कार्ड रद्दीत देऊ नकोस. का ते सांगतो. जरा लांबण लागेल.

मी राहतो त्या गावात एका वकिलाचं घर आहे. जॉन ॲडम्स. तो पुढे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला हे सगळ्यांना माहीत असतं, पण मला त्याचं वकिलीतलं आयुष्यच जास्त जवळचं वाटतं. १७३५ साली तो इथे जन्मला, तेव्हा या भागाला ब्रेनट्री म्हणत. हार्वर्डमधून १७५५ मध्ये बाहेर पडला, वूस्टरला शाळामास्तरकी करता करता एका वकिलाच्या हाताखाली कायदा शिकला आणि १७५८ मध्ये त्याला सनद मिळाली. बापाच्या घराला लागूनच दुसरं घर, त्याच्या एका खोलीला थेट रस्त्यावर उघडणारं दार. ते त्याचं ऑफिस. अशील घरातून न जाता परस्पर आत यावा म्हणून ते दार केलेलं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला तुमच्या वाड्याची ओसरीच आठवली. अण्णांचा कारकून कोपऱ्यात बसायचा, आणि आतून आजींचा फोडणीचा वास यायचा.

१७६४ मध्ये त्याचं लग्न झालं. बायको ॲबिगेल, शेजारच्या वेमथ गावच्या पाद्र्याची मुलगी, वय एकोणीस. शाळेचं तोंड न पाहिलेली, घरीच वाचून शिकलेली. लग्नाआधी सहा महिने तो देवी टोचून घ्यायला बॉस्टनला गेला आणि तिथून तिला पत्रं लिहू लागला. तेव्हा टोचून घेणं म्हणजे खऱ्या देवीचाच सौम्य आजार ओढवून घेणं, त्यामुळे पत्रातून रोग घरी जाईल अशी भीती. त्याने बजावून ठेवलं होतं की माझं पत्र आलं की आधी धुरावर धरायचं, मगच वाचायचं. नवरदेवाची पत्रं धुरी देऊन घेणारी ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिथून पुढे दोघांनी एकमेकांना लिहिलेली अकराशेहून अधिक पत्रं आज शिल्लक आहेत.

आता तू वकील, म्हणून तुझ्या कामाचं. तुमचं उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच नावाला फिरतं, पण एका जागी बसतं. या माणसाच्या काळात न्यायाधीश आणि वकील सगळेच घोड्यावर बसून गावोगाव कोर्टाच्या मागे फिरत. १७७४ च्या उन्हाळ्यात तो असाच उत्तरेकडे, आजच्या मेनमध्ये, यॉर्क आणि फालमथच्या फेरीवर होता. बॉस्टनचं बंदर इंग्रजांनी बंद केलेलं, धंदा बसलेला. २९ जूनला त्याने बायकोला जे पत्र लिहिलं ते तू वाचच. सनद घेऊन सोळा वर्षं झाली, प्रांतात सगळ्यात जास्त काम माझ्याकडे, सगळ्यात श्रीमंत अशील माझे, तरी मी इतरांपेक्षा गरीबच. मग कबुली: पुस्तकांत एक इस्टेट घातली, मालवाहू होडीत पैसे घातले, प्रार्थनागृहातल्या बाकासाठी घातले, आणि सगळ्यात जास्त बॉस्टनच्या घरात. हे तो बायकोपुढे मांडतो आहे, हिशेबनीस मालकापुढे मांडतो तसं. लगेच दोन दिवसांनी दुसरं पत्र: तू आता कुटुंब, गुरं, शेत आणि दूधदुभतं यांत सगळं लक्ष घाल, टाळता येईल तो प्रत्येक खर्च टाळ, गड्यांना कामाला लाव.

आणि त्याच फेरीतून तिसरं, ७ जुलैचं. त्याचा अशील रिचर्ड किंग नावाचा व्यापारी. आठ वर्षांपूर्वी, स्टँप कायद्याच्या, म्हणजे इंग्रजांनी कागदपत्रांवर लादलेल्या कराच्या, दंगलीच्या दिवसांत, जमावाने त्याचं घर फोडलं होतं, कागदपत्रं जाळली होती. ॲडम्स स्वतः स्वातंत्र्याच्या बाजूचा, आणि तरी खासगी सूड घेणाऱ्या जमावाची आपल्याला घृणा आहे असं तो बायकोला लिहितो. किंगच्या बायकापोरांवर त्या रात्री काय गुदरलं असेल याचं वर्णन करताना त्याचा हात थरथरला असावा असं मला वाटतं. चार वर्षांपूर्वी बॉस्टनमध्ये गोळीबार करणाऱ्या इंग्रज शिपायांचं वकीलपत्र यानेच घेतलं होतं. कॅप्टन प्रेस्टन सुटला, आठ शिपायांपैकी सहा सुटले, दोघांवर सदोष मनुष्यवध ठरला आणि अंगठ्यावर डाग देऊन सोडलं. दोन्ही खटल्यांची मिळून फी अठरा गिनी. गावाचे बोल मात्र पुष्कळ खाल्ले. तो निकालपत्रात कितीही सापडला तरी त्याचं मन कुठल्या बाजूला कळवळत होतं ते या बायकोच्या पत्रात सापडतं. म्हणून म्हणतो, खटल्याचे कागद एका ढिगात आणि घरची पत्रं दुसऱ्या ढिगात असं करू नकोस. अण्णांनी एखादा दावा का घेतला हे वकीलपत्रावर लिहिलेलं नसणार.

त्या ऑगस्टमध्ये तो काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेसाठी, फिलाडेल्फियाला गेला, आणि मग वर्षानुवर्षं घराबाहेरच. इथून पुढे पत्रव्यवहाराचं वजन माझ्या मते बाईकडे झुकतं.

एकच आठवडा सांगतो. १६ जून १७७५, इंग्रज सैन्य बॉस्टनमध्ये अडकलेलं, माल येणं बंद. ती नवऱ्याला लिहिते की मला टाचण्यांचं एक पुडकं पाठवा. कपडे टाचण्यांवर अडकवायचे दिवस ते. साडेसात शिलिंगांना मिळणाऱ्या टाचण्या वीस शिलिंगांवर गेल्या आहेत आणि त्या भावातही मिळत नाहीत. (पुढच्या एका पत्रात एक पौंड मिरी आणि जोड्यांसाठी दोन यार्ड काळं कापडही मागते.) टाचण्यांच्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी बंकर हिलची लढाई. ती सात वर्षांच्या मुलाला, जॉन क्विन्सीला, घेऊन पेन्स हिलवर चढली आणि चार्ल्सटाउन जळताना तिथून दोघांनी पाहिलं. १८ तारखेच्या पत्रात ती कळवते की आपला डॉक्टर वॉरन पडला. याच डॉक्टरने त्या मुलाचं मोडलेलं बोट कापण्यापासून वाचवलं होतं. मी त्या टेकडीवर अनेकदा जातो. आता तिथे दगडांचा एक स्तंभ आहे आणि भोवती घरं. दर वेळी मला टाचण्या आठवतात. कारण लढाईचं वर्णन इतिहासात शंभर ठिकाणी मिळेल, पण आदल्या दिवशी घर चालवणारी बाई कशाच्या विवंचनेत होती ते या एका कागदावरच आहे.

पत्रं सुरक्षित पोचायचीच असं नव्हतं. त्याच जुलैमध्ये त्याने एका तरुण वकिलाच्या हाती दोन पत्रं दिली, एक बायकोला, एक मित्राला. इंग्रजांनी वाटेत पकडली आणि बॉस्टनच्या वर्तमानपत्रात छापून टाकली. मित्राच्या पत्रात काँग्रेसमधल्या सहकारी डिकिन्सनबद्दल कडू शब्द होते. फिलाडेल्फियाच्या रस्त्यात डिकिन्सन पुढ्यातून गेला आणि त्याने ओळखही दाखवली नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये ॲडम्सने एक मोठी कोरी वही विकत घेतली आणि आपल्या पत्रांच्या नकला तीत ठेवायला लागला. बायकोलाही तसंच करायला सांगितलं. अण्णांची ती लाल कापडाची जावक वही आहे ना अजून? ती ट्रंकेत नसेल तर देवघराच्या फडताळात बघ.

चहाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७७६ च्या उन्हाळ्यात ॲबिगेल चारही मुलांना घेऊन देवी टोचायला बॉस्टनला राहिली होती. तिला जरा आराम पडावा म्हणून नवऱ्याने फिलाडेल्फियात चाळीस शिलिंग पौंड भावाने एक पौंड हिरवा चहा घेतला आणि गेरी नावाच्या सहकाऱ्यासोबत पाठवला. गेरीने तो दुसऱ्याच मिसेस ॲडम्सना, म्हणजे सॅम्युएल ॲडम्सच्या बायकोला, नेऊन दिला. ॲबिगेल त्यांच्याकडे भेटायला गेली तर तिला उत्तम चहा मिळाला. बाई म्हणाल्या, आमच्या यजमानांनी पाठवलाय. ॲबिगेलने मनात म्हटलं, आपल्याला का नाही सुचलं आपल्या नवऱ्याला? पुढे पत्रांतून उलगडा झाला. वहिनींना ही गोष्ट जरूर सांग.

त्याच वर्षी ३१ मार्चच्या पत्रात तिने नव्या कायद्यांत बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका, असं लिहिलं, आणि त्याने हसून टोलवलं. हे प्रसिद्ध आहे, तुलाही माहीत असेल. मला त्यापेक्षा तिने पुढे काय केलं ते मोठं वाटतं. १७७८ पासून तो युरोपात वकिलातीवर. कागदी चलनाचा भाव रोज उतरत होता. तिने त्याला लिहिलं, पैसे पाठवू नका, माल पाठवा. स्पेनमधल्या बिलबावच्या गार्डोकींच्या पेढीतून रुमाल, कापड, काचसामान येऊ लागलं, पुढे हॉलंडहून. स्वतःला लागेल तेवढं ठेवून बाकीचं ती नातलगांमार्फत विकत असे. त्याचा जीव जमिनीत, तिचा सरकारी रोख्यांत. शेताबद्दल त्याने आधीच लिहिलं होतं की माझ्या गैरहजेरीत कारभार जास्त शहाणपणाने चालतो असं शेजाऱ्यांना वाटेल अशी मला असूया वाटू लागली आहे. १७८२ मध्ये तिने व्हर्माँटमध्ये सुमारे सोळाशे एकर जमीन घेतली, नवऱ्याच्या आणि चार मुलांच्या नावावर. स्वतःच्या नावावर घेणं लग्न झालेल्या बाईला शक्यच नव्हतं, कायद्याने तिची मालमत्ता नवऱ्याची. नवऱ्याने तिकडून लिहिलं, व्हर्माँटच्या भानगडीत पुन्हा पडू नकोस.

आणि आता ज्यासाठी मी तुला, एका दिवाणी वकिलाला, हे सगळं लिहितो आहे ते. १८१६ मध्ये, म्हातारपणी, ॲबिगेलने स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलं. नवरा हयात असताना तिला तो अधिकार नव्हता. तिने आपले पैसे, कपडे, दागिने बहुतेक बायकांना वाटले: सुना, नाती, भाच्या, घरकामाच्या बाया. १८१८ मध्ये ती गेली. कोर्टात ते मृत्युपत्र एक क्षण टिकलं नसतं, हे त्या म्हाताऱ्या वकिलाइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याने ते जसंच्या तसं अमलात आणलं. दिनू, मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मला माझी आई आठवली, तिचा पत्र्याचा डबा आणि त्यातली ती चिठ्ठी, जी आम्ही भावंडांनी "याला काय अर्थ आहे" म्हणून बाजूला ठेवली. तुला ती सगळी हकिकत माहीत आहे.

ही सगळी पत्रं घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि १९५६ मध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे दिली. मायक्रोफिल्मची ६०८ रिळं झाली. कौटुंबिक पत्रव्यवहाराचे खंड १९६३ पासून निघत आहेत. पण हे इथवर आलं कारण १७७६ मध्ये एकाने ऐकलं नाही. ॲबिगेलला आपल्या अक्षराची, स्पेलिंगची लाज वाटायची. ती म्हणायची, माझी पत्रं जाळून टाका. २८ एप्रिलच्या पत्रात त्याने उत्तर दिलं: तू पत्रं जाळायला सांगतेस, पण त्याआधी मला तुला विसरावं लागेल.

तेव्हा असं कर. काहीही वेगळं करू नकोस. ज्या रुमालात जे बांधलंय ते तसंच, त्याच क्रमाने राहू दे. एखाद्या दाव्याच्या कागदात आजींचं कार्ड खोचलेलं असेल तर ते तिथेच असू दे, अण्णांनी ते तिथे का ठेवलं असेल ते आपण मागाहून बघू. गंजलेल्या टाचण्या तेवढ्या हलक्या हाताने काढ, कागद खातात त्या. उन्हात पसरू नकोस, शाई उडते. लॅमिनेशन तर मुळीच नको. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढ, पाठीवरचा पत्ता आणि पोस्टाचा शिक्का धरून. मोडी वाचणारं कोणी साताऱ्यात मिळतं का तेही बघून ठेव. मी डिसेंबरात तीन आठवडे येतोय. ओसरीवर सतरंजी टाकून बसू.

तोवर मला एक कळव. ती माळीणबाईंच्या दाव्याची फी आली होती का? धाकट्याची, म्हणजे तुझ्या काकांची, शाळा त्या वर्षी चालू राहिली का? ते कुठल्या तरी पुढच्या कार्डावर असेल.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू