बाटलीवर गावाचं नाव येऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकच्या वाईनबद्दल पेपरात येतं ते बहुतेक टॅक्सचं, निर्यातीचं नाहीतर वीकेंडला गंगापूर रोडवर झालेल्या ट्रॅफिकचं. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण त्या बाटलीत काय असतं, ती लागते कशी आणि तिच्यावर नाव काय असतं यावर फार काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र. मी धंद्यातला नाही, आमचा चार-पाच मित्रांचा ग्रुप आहे, शनिवारी कोणाच्या तरी गच्चीवर एखादी बाटली उघडतो आणि काय लागलं ते मोकळेपणाने बोलतो.

आधी नावांचं सांगतो कारण बऱ्याच नाशिककरांनाही ते माहीत नसतं. सुला या वाईन कंपनीचं नाव तिचे संस्थापक राजीव सामंत यांनी आईच्या नावावरून ठेवलं, सुलभा वरून सुला. यॉर्क वायनरी (वाईन बनवण्याचा कारखाना) म्हटलं की लोकांना वाटतं इंग्लंडमधलं शहर, पण ती गुरनानी कुटुंबातल्या तीन मुलांची आद्याक्षरं आहेत, योगिता, रवी आणि कैलाश. ही घरगुती नावं मला मनापासून आवडतात, त्यात माणसं आहेत. व्हॅलोने हे फ्रेंच नाव, वायनरी इगतपुरीकडची, ठीक आहे. पण सगळ्यात आवडलेलं नाव म्हणजे चारोसा, कारण ते दिंडोरी तालुक्यातल्या गावाचं नाव आहे आणि ते लेबलवर आलं. तसंच सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ, म्हणजे शिराझ नावाच्या द्राक्षाची रेड वाईन. दिल्ली-बेंगळुरूच्या हॉटेलात बसलेला माणूस वेटरला "एक दिंडोरी द्या" म्हणतो हे मी स्वतः ऐकलंय आणि ऐकून छाती फुगली.

आता चवीचं. दिंडोरी रिझर्व्हचा पहिला घोट घेतला की जांभूळ लागतं, मग मागून काळी मिरी येते, आणि ती मिरी आपल्या मनाची नसते बरं का, काळ्या मिरीत रोटंडोन नावाचा जो वासाचा घटक असतो तोच शिराझ द्राक्षाच्या सालीत असतो. सॉव्हिन्यों ब्लाँ ही व्हाईट वाईन उघडली की आमच्यातला एक जण लगेच म्हणतो "सिमला मिरची चिरली कोणी?" आणि तेही बरोबरच, पायराझिन नावाचे घटक दोन्हीकडे सापडतात. मला त्यात कच्चा पेरूही लागतो, मीठ लावून खाल्लेला. शेनिन ब्लाँ ही दुसरी व्हाईट, थोडी गोडसर, पिकलेला अननस, आणि ही आपल्या मिसळीबरोबर अशी काही जमते की विचारू नका, तिखटाने जीभ पेटलेली असताना तो थंड गोडवा बरोबर जागेवर बसतो. शिराझ मात्र मिसळीबरोबर नको, रेड वाईनमधलं टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरट घटक, आणि झणझणीत रस्सा एकत्र आले की तोंड नुसतं कोरडं पडून भाजतं. आणि अजून एक, रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची असं जे म्हणतात ते थंड देशातल्या रूमचं टेंपरेचर, आपल्या एप्रिलच्या गच्चीवर बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवूनच काढा, नाहीतर नुसता अल्कोहोलचा भपकारा येतो.

एका वायनरीत टेस्टिंगला गेलो होतो तिथला गाईड मुलगा आपल्याच निफाडकडचा, बोलायला गोड, पण पाठ केल्यासारखं गूजबेरी, ब्लॅककरंट, रास्पबेरी सांगत होता. समोरच्या टेबलावर जळगावहून आलेलं कुटुंब, त्यांनी यातलं एकही फळ कधी खाल्लेलं नसणार, सगळे नुसते माना हलवत होते. मी म्हटलं करवंद आठवतंय का बघा, तर त्यातल्या काकू लगेच म्हणाल्या हो हो, करवंदच! त्यानंतर त्या टेबलावर जी चर्चा रंगली, तुती की जांभूळ, चिंच की कैरी, ती त्या गाईडनेही ऐकत बसून एन्जॉय केली. चव ओळखायला आपल्याकडे फळं कमी आहेत का?

आता मुद्द्याचं. शिराझ हे इराणमधल्या शहराचं नाव. द्राक्ष तिकडून आलं अशी कथा सांगायचे, पण 1998 च्या सुमारास डीएनए तपासणी झाली तेव्हा त्याचे आईबाप फ्रान्समधलेच निघाले, तरी नाव शिराझच चालू आहे. निफाड तालुक्यात कुंदेवाडीला रेव्हेलो वायनरीवाले नेरो दाव्होला नावाच्या द्राक्षाची रेड वाईन करतात, आणि छान करतात, पण आव्होला हे इटलीत सिसिली बेटावरचं गाव आहे. म्हणजे द्राक्षाच्या नावातून आव्होला जगभर पोचलं. ज्या कुंदेवाडीच्या मातीत, ज्या निफाडच्या कडाक्याच्या थंडीत ती वाईन तयार होते त्यांची नावं शोधायला बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायची. हे मला पटत नाही.

फ्रान्सवाल्यांकडून एवढं एक शिकावं. लुआर नदीच्या खोऱ्यात सॉन्सेर नावाचं गाव आहे, तिथली व्हाईट वाईन सॉव्हिन्यों ब्लाँची असते, पण बाटलीवर मोठ्या अक्षरात गावाचं नाव. तिथलंच वुव्रे, ती शेनिन ब्लाँ, पण ओळख गावाची. म्हणजे आपण गोदावरीच्या खोऱ्यात जी दोन व्हाईट द्राक्षं सगळ्यात जास्त मिरवतो ती दोन्ही तिकडे गावाच्या नावाने विकली जातात. शँपेन हेही तिकडच्या प्रदेशाचंच नाव, हे तर सगळ्यांनाच माहीत असेल. दिंडोरीत शँडनची वायनरी आहे, फ्रान्समध्ये शँपेन बनवणाऱ्या मोएत अँड शँडनचाच ग्रुप, तरीपण दिंडोरीत बनलेल्या बाटलीवर ते शँपेन लिहीत नाहीत, स्पार्कलिंग लिहितात, कारण ते नाव त्या प्रदेशाचं आहे, कंपनीचं नाही. एवढी किंमत असते गावाच्या नावाला. आणि आपल्याकडे 'नाशिक व्हॅली वाईन' ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, म्हणजे कायद्याने नाव आपलं आहेच, वापरायचं तेवढं बाकी आहे.

माझ्या मामांची दिंडोरी तालुक्यात वाईन द्राक्षाची बाग आहे, वायनरीशी करार आहे. एप्रिलची खरड छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, भुरी-डावणी या रोगांची फवारणी, अवकाळीची धास्ती, 2019 ला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाने काय हाल केले ते सगळ्या जिल्ह्याने पाहिलंय. काढणीच्या आधी मामा रोज सकाळी बागेत चार-पाच झाडांचे मणी तोडतात, एक मणी चिमटीत दाबून रसाचा थेंब ब्रिक्स मीटरच्या, म्हणजे रसातली साखर मोजणाऱ्या यंत्राच्या, काचेवर पाडतात आणि मीटर डोळ्याला लावून उजेडाकडे बघतात, बावीस-तेवीस आलं की चेहरा खुलतो. मग क्रेट भरतात, गाडी जाते, वजनाची पावती येते आणि तिथे मामांचा आणि त्या वाईनचा संबंध संपतो. त्यांना विचारलं तुमचा माल कुठल्या बाटलीत जातो, तर म्हणाले काय माहीत बाबा. हे ऐकून खरंच वाईट वाटलं.

म्हणून वायनरीवाल्यांना कळकळीची विनंती, ज्या वाईनची द्राक्षं एका गावची असतील तिच्यावर पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरात, देवनागरीत गावाचं नाव आणि वर्ष टाका. सगळ्या बाटल्यांवर जमणार नाही, मिक्स माल असतो, समजू शकतो, पण चांगल्या रिझर्व्हपासून, म्हणजे निवडक वाईनपासून, सुरुवात करा. इगतपुरीचा पाऊस, दिंडोरीची मुरमाड जमीन आणि निफाडची थंडी यांच्या चवीत फरक असणारच, आम्हाला तो तीन ग्लास शेजारी ठेवून चाखायचाय, पण बाटलीवर लिहिलंच नसेल तर चाखणार कसा?

आणि एक विनंती तुमच्या पेपरला. लासलगावचे कांद्याचे भाव तुम्ही रोज छापता, म्हणून लासलगाव देशाला माहीत झालं. तसं जानेवारी ते मार्च काढणीच्या सीझनमध्ये आठवड्याला एक छोटी चौकट द्या, कुठल्या गावात कुठल्या जातीची काढणी सुरू झाली, ब्रिक्स किती लागतोय, थंडी टिकली का. माहिती द्यायला मामांसारखे शेतकरी तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.

आपला,
एक नियमित वाचक
गंगापूर रोड, नाशिक