वल्हं शिकवायला निघालेल्या लेकीला

नौपाडा, ठाणे

चि. मनू हिस,

अनेक आशीर्वाद.

तू अमेरिकेतून पाठवलेले, कनू (एका पात्याच्या वल्ह्यानं चालवायची ती निमुळती होडी) शिकवणाऱ्यांच्या कोर्सचे कागद बाबांनी प्रिंट काढून आणले आणि मी पेन्सिल घेऊन वाचायला बसले. बाबा म्हणाले, "तुला होडीतलं काय कळतं?" बरोबरच आहे. माझी मजल मासुंदा तलावातल्या पायानं चालवायच्या बोटीपर्यंत. पण त्या कागदांत अर्ध्याहून जास्त मजकूर माझ्याच धंद्याचा निघाला: पाठाचं टाचण, सराव पाठ, एकमेकांच्या पाठांचं निरीक्षण, शिकणाऱ्याची चूक ओळखून दुरुस्त करणं. अध्यापक विद्यालयात मी दुसरं काय केलं? तेव्हा वल्ह्याबद्दल मी बोलणार नाही असं नाही, पण बोलेन ते मास्तरीण म्हणून.

हा कोर्स ज्यांचा ती अमेरिकन कनू असोसिएशन ही १८८० सालची संस्था हे वाचून बरं वाटलं. इतकी वर्षं माणसं पाण्यावर शिकवत आली म्हणजे काय चुकतं हे त्यांना ठाऊक असणार. आधी कार्यशाळा, मग परीक्षा, दोन्हींत तुझं स्वतःचं वल्हवणं, शिकवणं आणि बुडत्याला सोडवणं असं सगळंच बघणार. ज्या पायरीचं प्रमाणपत्र, तिथपर्यंतच शिकवायचं. आणि चार वर्षांनी पुन्हा हिशोब: मधल्या काळात शिकवलंस का, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र चालू आहे का. आमच्या डीएडला ही अट असती तर निम्मे स्टाफरूम रिकामे झाले असते. असो.

फोनवर तू सारखी म्हणत होतीस की वल्हं दुसऱ्या बाजूला आडवं नेऊन मारायचा तो क्रॉस स्ट्रोक तुझा कच्चा आहे. हात न बदलता कमरेतून वळायचं, म्हणजे कठीण असणारच. त्याचा सराव कर. मला त्याची काळजी नाही, कारण ते कच्चं आहे हे तुला माहीत आहे. काळजी आहे ती तुला जे आपोआप येतं त्याची.

तो जे-स्ट्रोक घे. मला समजलं ते असं: एकटीनं एकाच बाजूला वल्हवलं की होडीचं तोंड दुसऱ्या बाजूला फिरत जातं, म्हणून प्रत्येक फटकाऱ्याच्या शेवटी पातं वळवून पाणी बाहेर ढकलायचं. वरच्या हाताचा अंगठा खाली वळतो. नवशिके मात्र अंगठा वर करतात आणि पात्याच्या उलट्या बाजूनं पाणी रेटतात. होडी सरळ होते, पण तिचा वेगही मरतो. सुट्टीत तू बाबांना हे खराटा घेऊन गच्चीत दाखवलंस तेव्हा मी बघत होते. "असं, बाबा, असं" एवढंच म्हणत होतीस. तुझा अंगठा कुठे जातो हे तुला सांगता येत नव्हतं, कारण आता तो तुझ्या मनाला न विचारताच जातो. कित्येक हुशार मुली मी सराव पाठात अशा अडकलेल्या पाहिल्या. गणित चुटकीसरशी सोडवायच्या, पण हातचा का घ्यायचा हे तिसरीच्या पोराला सांगता यायचं नाही. तू डाव्या हाताला वल्हं घेऊन आठवडाभर फिर. परत अडाणी झालीस की काय सांगायचं ते सुचेल.

आता खरा मुद्दा. दोघांच्या होडीत शिकवणारा मागे बसतो आणि पुढच्याची चूक गुपचूप निस्तरतो. एकट्याच्या होडीत ती सोय नाही. पोरगं प्रवाहात शिरलं की ते आणि पाणी. तू दुसऱ्या होडीत, मध्ये खळाळ, तुझा आवाज पोचणार नाही आणि पोचला तरी तोवर होडी पुढे गेलेली असेल. म्हणजे तुझा सगळा पाठ त्यानं काठ सोडण्याआधी झालेला हवा. इतका अवघड वर्ग मी कधी घेतला नाही, खरंच. फळा नाही, मध्येच थांबवणं नाही, "पुन्हा वाच" म्हणणं नाही.

म्हणून जागा निवडणं हाच तुझा अर्धा पाठ. वरून आपण कुठे उभे राहणार, खडकामागचं शांत पाणी, तुमची ती एडी, केवढी रुंद, चुकलं तर खाली काय आहे. खाली मोठा संथ डोह असेल तर पोरांना उलटू दे, त्यातूनच शिकतील. खाली पडलेलं झाड असेल तर तिथे कितीही सुंदर एडी असो, तो वर्ग नाही. फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो, हे तूच मला समजावलं होतंस. क्रमही तसाच: संथ पाण्यात सरळ जाणं आलं की मग प्रवाहाला तिरपं तोंड देऊन या काठावरून त्या काठावर फेरी, मग एडीत शिरणं, शेवटी एडीतून बाहेर पडणं. बाहेर पडताना होडी खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जातो तिकडे, कलती ठेवायची, सायकल वळवताना आपण वळणाच्या आत कलतो तशी. घाबरलेला माणूस मात्र वरच्या अंगाला झुकतो, प्रवाह ती कड धरतो आणि होडी पालथी. भीतीनं अंग उलटंच वागतं. हे त्याला कोरड्या जमिनीवर कळलेलं हवं, आणि एकदा मुद्दाम उथळ पाण्यात करूनही दाखव.

खुणांबद्दल वाचलं ते मला फार आवडलं. वल्हं उभं धरलं तर या, आडवं धरलं तर थांबा, आणि बोट नेहमी जायच्या बाजूला दाखवायचं, धोक्याकडे कधीच नाही. आम्ही मात्र वह्यांत चुकीच्याच शब्दाभोवती लाल गोल काढत आलो!

होडीत गुडघ्यांवर बसण्याबद्दल एक. तिथल्या लोकांना ते फार जड जातं म्हणालीस. आपल्याकडची पोरं जमिनीवर जेवलेली, वज्रासनात बसणारी, ती कुरकुरणार नाहीत. पण म्हणूनच जास्त जप. पाय बधिर झालेला कळत नाही आणि उलटल्यावर पाऊल बैठकीखाली अडकू शकतं. दर थोड्या वेळानं सगळ्यांना काठावर उभं करून पाय झटकायला लाव, कुणी मागो न मागो. पाण्यात पडलेल्यानं वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, प्रवाह जातो तिकडे पाय करून उताणं तरंगायचं, आणि होडी वाहत जाते त्या बाजूला, तिच्या पुढ्यात, कधी राहायचं नाही, हे मात्र तू प्रत्येकाच्या तोंडून वदवून घे. पाण्यानं भरलेली होडी शेकडो किलोंची होते. खडक आणि ती यांच्यामध्ये सापडलेल्याला मग कोण ओढणार?

तू तिथल्या नँटाहेला नदीचं वर्णन केलंस तेव्हा मला लगेच कोलाड आठवलं. तीही धरणातून सोडलेल्या पाण्यावर चालते, आणि आपली कुंडलिकाही. मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रातून येतं, म्हणून तर सकाळी "पाणी सुटलं का?" हाच तिथला पहिला प्रश्न. (ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह केला ते हेच, हे तुझ्या राफ्टवाल्या मित्रांना सांग. निम्म्यांना माहीत नसतं.) फरक एवढाच की तुझ्या त्या नदीचं पाणी धरणाच्या तळातलं, ऐन उन्हाळ्यातही गारठवणारं. तिथे मुलं थंडीनं लवकर थकतात, इथे उन्हानं थकतील.

आणि इथे परत येऊन शिकवायचं असेल तर कोर्सच्या पुस्तकात एका गोष्टीची भर घाल: कोल्हापुरी बंधारे. त्यांच्या पुस्तकात छोट्या धरणांचा इशारा असेलच, पण आपल्याकडे असा बंधारा म्हणजे गावाचं रोजचं पाणी, त्याला कुणी घाबरत नाही. वरून बघितलं तर सपाट, शांत रेघ. पण पाणी वरून वाहत असलं की खाली पडलेलं उलटं फिरून बंधाऱ्याकडेच परत येतं आणि लाइफ जॅकेटवाल्यालाही तिथेच घोळवत ठेवतं. काठावर उतरून होडी उचलून पलीकडे न्यायची, एवढाच धडा. उल्हास नदीवर बदलापूरकडे गेलीस तरी आधी पायी काठ बघून ये.

शिकवायच्या पंधरा मिनिटांच्या पाठाचा विषय तू "एडीत शिरणे" घेतलास. घे, पण त्यात सध्या चार हेतू कोंबले आहेस. कलणं, कोन, वेग आणि कुठे बघायचं. एकच ठेव. मी असते तर "कुठे बघायचं" ठेवलं असतं, कारण नजर गेली तिकडे खांदे जातात आणि बाकीचं बरंचसं मागून येतं. तुझ्या परीक्षकाला वेगळं वाटत असेल तर त्याचं ऐक. सुरुवातीचं भाषण काप. दोन वाक्यं, एकदा न बोलता करून दाखवणं, मग पोरांना पाण्यात सोड आणि बघ. वल्ह्याकडे बघू नकोस, गुडघ्यांकडे आणि डोक्याकडे बघ. एका वेळी एकच चूक सांग.

टाचण नव्यानं लिहून शनिवारपर्यंत फोटो पाठव, अक्षर नीट काढ. बाबा म्हणतायत गुडघ्याखाली घालायला जाड फोम चेंबूरला स्वस्त मिळतो, पाठवू का? मला वाटतं तिथेच घे. मेतकूट मात्र काकूंच्या सामानातून पाठवलं आहे, त्या बुधवारी निघताहेत.

तुझी,
आई

ता. क. प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपते ते आत्ताच बघ. ऐन वेळी धावपळ तुझीच होते.